ट्रॅकवर गाडी चालवायला हेल्मेट कुठलं घ्यावं, आणि बाकी सामानात आधी काय?

वळणवेडा

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवू देतात त्या दिवशी, गाडी न्यायची आहे. गाडी रस्त्यावरचीच, बंद छताची. कंपनीचे तीन टोकांचे पट्टे, एअरबॅग, मूळ सीट, सगळं जागच्या जागी. मोटरसायकलचं फुलफेस हेल्मेट हाताशी आहे, त्यावर डॉट (अमेरिकी) आणि ईसीई (युरोपीय) दोन्ही मानकांचे शिक्के आहेत. प्रश्न असे:

ते हेल्मेट चालेल का? 'एसए' शिक्का लागतो म्हणतात, त्यात एवढं वेगळं काय असतं? चार टोकांचा हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारे शर्यतीचे पट्टे) बसवला तर अंग घट्ट राहील, म्हणून तोही घ्यावा असं मनात आहे. सूट, हातमोजे, बूट यांचा नंबर कधी? आणि मानेसाठीचं हॅन्स (खांद्यावरची, हेल्मेटला दोऱ्यांनी जोडलेली कॉलर) सुरुवातीपासून लागतं का?

जुने धागे चाळले, पण तिथे सगळे ब्रँडवरूनच भांडताहेत.

रिंगमास्तर

हार्नेसची घाई करू नका, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी शिक्क्यांचं सांगतो.

एसए आणि एम ही स्नेल मेमोरियल फाउंडेशनची मानकं. पीट स्नेल हा रेसर १९५६ मध्ये अपघातात डोक्याला मार लागून गेला, त्याच्या नावाने १९५७ मध्ये ही संस्था निघाली. एम म्हणजे मोटरसायकल, एसए म्हणजे मोटारगाडीची शर्यत, के म्हणजे कार्टिंग.

एम आणि एसएमधला पहिला फरक आगीचा. एसए हेल्मेटचं कवच, आतलं अस्तर, हनुवटीचा पट्टा यांना ज्योत लावून बघतात. एमला ही चाचणीच नाही. मोटरसायकलवाला पडला की गाडीपासून लांब फेकला जातो. गाडीतला माणूस मात्र पेट्रोलच्या टाकीसकट एकाच डब्यात पट्ट्याने बांधलेला असतो. दुसरा फरक रोल बारचा, म्हणजे गाडी उलटली तर छत पेलायला आत बसवलेल्या नळीचा. नळीसारख्या गोल, अरुंद लोखंडावर हेल्मेट आपटून बघायची चाचणी एसएमध्ये जास्तीची आहे. सीटला बांधलेलं डोकं पुन्हापुन्हा त्याच नळीवर जाऊन आदळतं, म्हणून. तिसरा फरक डोळ्यांपुढच्या खिडकीचा. एमला बाजूचं बरंच दिसावं लागतं, एसएला खिडकी अरुंद ठेवायची मुभा आहे.

शिवाय एसए२०२० हेल्मेटला कानामागे दोन्ही बाजूंना एम६ आट्यांचे धातूचे सॉकेट कारखान्यातूनच बसवलेले येतात. हॅन्सचे खिळे तिथे लागतात. आज हॅन्स घेणार नसलात तरी हे सॉकेट असलेलंच हेल्मेट घ्या. घरी भोक पाडून खिळे बसवले की हेल्मेटची मान्यता गेलीच, वर कवच नेमकं ताण येतो तिथेच कमकुवत होतं.

के शिक्का बघून फसू नका. दिसायला हुबेहूब एसएसारखं, पण आगीची चाचणी त्यालाही नाही.

तुमचं आहे ते हेल्मेट वाईट नाही. ईसीई २२.०६ हे मोटरसायकलसाठी चांगलं कडक मानक आहे. काही आयोजक बंद छताच्या, एअरबॅगवाल्या गाडीत मोटरसायकलचं हेल्मेट चालवून घेतात. पण नवीन घ्यायचंच असेल तर एसएच घ्या.

उगाचच

एसए२०२० घ्यावं की एसए२०२५? दुकानदार जुनं स्वस्तात देतोय.

रिंगमास्तर

मानक दर पाच वर्षांनी नवं होतं. बरेचसे आयोजक चालू आणि त्याच्या आधीचं, अशी दोन मानकं मान्य करतात. म्हणजे एसए२०३० येऊन नियम बदलले की एसए२०२० दारात अडेल, एसए२०२५ आणखी पाच वर्षं चालेल. सवलतीची रक्कम उरलेल्या वर्षांनी भागून बघा. स्नेलची शिफारस तर पाच वर्षांनी हेल्मेट बदलायचीच आहे. घाम, डोक्याचं तेल, ऊन याने अस्तर आणि गोंद थकतात.

पुढे परवान्याच्या शर्यतीत उतरायचं असेल तर एफआयएचा (मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेचा) शिक्का बघा: ८८५९-२०१५ किंवा नवं ८८५९-२०२४, आणि त्याहून वरचं ८८६०-२०१८. बऱ्याच हेल्मेटांवर स्नेल आणि एफआयए दोन्ही शिक्के असतात. ट्रॅक डेसाठी ८८६० म्हणजे चैन आहे. त्यात कार्बनचं हलकं कवच मिळतं आणि खिसाही हलका होतो.

डोकं_ठिकाणावर

शिक्क्याचं झालं, आता मापाचं. एसए शिक्क्याचं सैल हेल्मेट आणि एसए शिक्क्याचं नेमकं बसलेलं हेल्मेट यात जो फरक आहे, तो दोन ब्रँडांमध्ये कधीच नसतो.

शिवणकामाची टेप घ्या. भुवईच्या साधारण अडीच सेंटीमीटर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वात जास्त फुगीर असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा, सर्वात मोठा आकडा धरा. बऱ्याच ब्रँडांत ५७-५८ म्हणजे मीडियम, ५९-६० म्हणजे लार्ज, पण त्याच ब्रँडचा तक्ता बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

घेर सारखा असला तरी डोक्याचा आकार वेगळा असतो, आणि घोळ होतो तो इथेच. वरून पाहिलं तर कुणाचं डोकं लांबट अंड्यासारखं, कुणाचं गोलाकडे झुकलेलं. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळावर आणि मागे टोचतं, बाजूला मात्र पोकळी राहते. लोक म्हणतात "लहान होतंय" आणि एक माप मोठं घेतात. टोचणं थांबतं, पण आता हेल्मेट डोक्यावर गोल फिरायला लागतं. अशा वेळी माप बदलू नका, मॉडेल बदला.

घालून बघताना बालाक्लावा (हेल्मेटखाली घालायची, डोकं-चेहरा झाकणारी कापडी टोपी) वापरणार असाल तर तो घालूनच बघा. पट्टा बांधा. मग हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवा: कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय, तर मोठं आहे. गाल इतके दाबले जावेत की चघळल्यासारखं केलं की आतून गाल दाताखाली येतो. नवं असताना हे अतिघट्ट वाटतं. फोम थोडा बसतो, आणि गालाच्या गाद्या वेगवेगळ्या जाडीच्या मिळतात. कपाळावरची गादी मात्र बऱ्याच मॉडेलांत बदलता येत नाही, म्हणून कपाळ आधी बघा.

नंतरची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. पट्टा बांधलेला असताना दुसऱ्याला मागे उभं करा आणि हेल्मेटची मागची खालची कड धरून वर आणि पुढे ओढायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवर घरंगळत आलं, तर उलटणाऱ्या गाडीत ते डोक्यावरून निघून जाईल. पट्टा कितीही आवळा.

मग निदान अर्धा तास घालून बसा. काढल्यावर आरशात कपाळ बघा. सगळीकडे सारखी हलकी लाली असेल तर छान. रुपयाएवढा एकच गडद लाल ठिपका असेल तर ट्रॅकवर तिथेच डोकं दुखणार, आणि तुमचं लक्ष ब्रेकिंग पॉइंटऐवजी कपाळावर असणार.

उगाचच

चष्मेवाल्यांनी काय करायचं?

डोकं_ठिकाणावर

सरळ, बारीक काड्यांचा चष्मा. कानामागे वळलेली काडी हेल्मेटात शिरताना मुडपते आणि कानाचा वरचा भाग सोलते. आधी हेल्मेट घाला, मग चष्मा खिडकीतून आत सरकवा. म्हणजे तुम्हाला खिडकी उंचीने मोठी लागणार, विकत घेताना चष्मा घेऊन जा. बालाक्लावा घालत असाल तर काडी त्याच्या आत जाते का बाहेर, हेही बघा. आत गेली की डोळ्याच्या भोकाची कड चष्मा वर ढकलते.

काच वाफाळते ती श्वासामुळे. नाकावर बसणारा आतला रबरी पडदा मिळतो, तो लावा. व्हायझर (हेल्मेटची पुढची काच) एक खाच उघडा ठेवला तरी बराच फरक पडतो. काळा व्हायझर घेतलात तर सोबत पारदर्शकही ठेवा. ढगाळ सत्रात काळ्यातून मार्शलचा झेंडा उशिरा दिसतो.

वळणवेडा

हेल्मेट एकदा हातातून पडलं की बाद, असं वाचलं. खरं आहे का?

डोकं_ठिकाणावर

अर्धंच. कवचाच्या आतला थर साध्या थर्माकोलसारखा असतो, दाणे जरा घट्ट. तो चेपतो आणि चेपताना धक्का खातो, हेच त्याचं काम. पण एकदा चेपला की परत फुगत नाही. रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर आत डोक्याचं वजन नसतं, थर सहसा चेपत नाही. गादी काढून आत बोटं फिरवा, भेग किंवा खळगा लागतो का बघा; कवचावर तडा आहे का बघा. शंका आली तर उत्पादकाकडे तपासायला पाठवा. डोकं आत असताना आपटलं तर मात्र तपासत बसू नका. बाहेरून ओरखडासुद्धा नसला तरी ते संपलं.

थर्माकोल आणखी एका गोष्टीने मरतो, ती म्हणजे पेट्रोल आणि थिनर. हेल्मेट डिकीत पेट्रोलच्या कॅनशेजारी ठेवू नका. स्प्रे पेंट, सॉल्व्हंटवाला गोंद, काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही उत्पादकाला विचारल्याशिवाय लावू नका. कॅमेऱ्याचा स्टँड हेल्मेटवर चिकटवणं तर बऱ्याच ठिकाणी बंदच आहे, आणि योग्यच आहे.

नट_बोल्ट

हार्नेसवाला भाग माझा. वळणवेडा, चार टोकांचा हार्नेस या गाडीत बसवू नका. कारणं सांगतो, म्हणजे नुसता हट्ट वाटणार नाही.

समोरून धडक बसली की छातीवरचे दोन पट्टे ताणले जातात आणि कमरेचा पट्टा वर ओढतात. पायांमधून येणारा पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि माणूस त्याखालून पुढे घसरतो. आतड्यांना, यकृताला मार बसतो. म्हणून पाच किंवा सहा टोकं. पण तो पायांमधला पट्टा बसायला सीटच्या बैठकीला भोक लागतं, मूळ सीटला ते नसतं. म्हणजे बकेट सीट, अंगाला दोन्ही बाजूंनी धरणारी शर्यतीची सीट, आली.

खांद्याचे पट्टे मूळ सीटच्या डोकेटेकूच्या बाजूंनी घेतले तर त्यांना धरून ठेवणारं काहीच नाही, तिरक्या धडकेत ते खांद्यावरून बाजूला सरकतात. पुन्हा बकेट सीटच. बकेट सीट बसवली की सीटमधली बाजूची एअरबॅग गेली.

पट्ट्यांची मागची टोकं कुठे लावणार? मागच्या सीटच्या जमिनीवरच्या बोल्टला लावली तर पट्टा खांद्यावरून तीव्र कोनात खाली जातो, आणि धडकेत खांदे खाली दाबून मणक्यावर भार टाकतो. पट्टा खांद्याच्या पातळीपासून मागे आडवा किंवा फार तर २० अंश खाली जावा. म्हणजे सीटमागे आडवा बार हवा. आणि पट्ट्याची लांबी जितकी जास्त तितका तो ताणतो, म्हणून तो बार सीटच्या जवळ हवा.

इतकं करून तुम्ही सरळ, ताठ बांधले गेलात. गाडी उलटली आणि छत आत आलं तर तीन टोकांच्या पट्ट्यात माणूस बाजूला वाकतो. सहा टोकांच्या हार्नेसमध्ये वाकता येत नाही, छत थेट डोक्यावर येतं. म्हणून रोल बार हवा. आणि छाती पूर्ण थांबली, डोकं मात्र मोकळं, तर सगळा भार मानेवर येतो. म्हणून हॅन्स हवं.

म्हणजे सीट, सहा टोकं, रोल बार, हॅन्स हे एकत्र येतं. यातलं एकच सुटं घेऊन बसवलं तर मूळ गाडीपेक्षा तुम्ही जास्त धोक्यात असता. तोवर कंपनीचे तीन टोकांचे पट्टे आणि एअरबॅग उत्तम. ती जोडी एकमेकांसाठीच जुळवलेली असते.

रिंगमास्तर

एक अपवाद नोंदवतो. मूळ सीटसाठी बनवलेले काही चार टोकांचे हार्नेस असतात, ज्यांच्या एका खांद्याच्या पट्ट्यात शिवून घडी घातलेली असते. धडकेत ती घडी उसवते, एक खांदा थोडा जास्त पुढे जातो, धड तीन टोकांच्या पट्ट्यासारखं किंचित वळतं आणि कमरेचा पट्टा जागेवर राहतो.

नट_बोल्ट

बरोबर, पण तो ठरावीक गाडीच्या ठरावीक सीटसाठीच मान्य असतो. उत्पादकाच्या यादीत तुमची गाडी नसेल तर तो सुद्धा नको. आणि छताचा मुद्दा तसाच राहतो. "अपवाद आहे" एवढंच वाचून लोक कुठलाही चार टोकांचा उचलतात, म्हणून मी आधी लिहिलं नव्हतं.

वळणवेडा

पटलं. हार्नेस यादीतून काढला. पण पुढे कधी सगळा संच केलाच तर बसवताना काय चुकतं?

नट_बोल्ट

खूप काही. जास्त दिसणाऱ्या चुका सांगतो.

बारभोवती पट्टा गुंडाळून तीन पट्ट्यांच्या बकलमधून परत ओवायचा असतो. शेवटचा फेरा उलटा, म्हणजे पहिल्या फेऱ्यावरून परत, न ओवता लोक सोडून देतात. हाताने ओढून बघितलं की घट्ट वाटतं, धडकेच्या भाराने सरसर सुटतं. ओवून झाल्यावर निदान १० सेंटीमीटर शेपूट बाहेर राहिलं पाहिजे.

आयबोल्टचा (पट्टा अडकवायच्या कडीवाल्या बोल्टचा) आटा ७/१६ इंची, इंचाला २० चा असतो. तो पत्र्यात नुसता मोठ्या वॉशरवर बसवू नका. एफआयएच्या नियमात मागच्या प्लेटचं क्षेत्रफळ किमान ४० चौरस सेंटीमीटर आणि जाडी किमान ३ मिलिमीटर सांगितली आहे. आणि आयबोल्ट ओढीच्या दिशेत हवा. बाजूने ओढ बसली की तो वाकतो.

आवळायचा क्रम: आधी कमरेचा, पोटाखाली, हाडाच्या उंचवट्याच्या खाली, जितका आवळेल तितका. मग पायांमधला. खांद्याचे शेवटी. उलट केलं, म्हणजे खांदे आधी आवळले, की कमरेचा पट्टा पोटावर येतो आणि वर जे लिहिलं तेच होतं.

तारीख बघा. एसएफआय ही शर्यतीच्या सामानाची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था; तिच्या १६.१ चे पट्टे बनवल्या तारखेपासून दोन वर्षांत बदलायचे. एफआयएच्या पट्ट्यांवर शेवटचं वर्ष छापलेलंच असतं. उन्हाने पट्ट्याचा धागा आतून मरतो, रंग फिका पडायची वाट बघू नका.

आणि रोल केज (आत नळ्यांचा पिंजरा) असलेली गाडी रस्त्यावर चालवत असाल तर हेल्मेटशिवाय तुमचं डोकं आणि ती नळी यांच्यात फक्त फोम आहे. तो फोम मऊ पाइपवरचा नको. रोल बारसाठीचा कडक, एसएफआय ४५.१ चा हवा. बोटाने दाबला तर जेमतेम दबतो, तोच खरा.

मानगुटीवर

हॅन्सबद्दल मी लिहितो.

आधी भार किती ते बघा. डोकं साधारण ५ किलो, हेल्मेट दीड किलो. ५० जीच्या (गुरुत्वाच्या पन्नासपट) धडकेत हे साडेसहा किलो सव्वातीनशे किलोसारखं पुढे ओढतं, आणि छाती पट्ट्याने थांबलेली असते. मधे फक्त मान. कवटीचा तळ जिथे मणक्याला जोडलेला आहे तिथे कवटी फुटते. हलक्या हेल्मेटचा उपयोगही इथेच कळतो: २०० ग्रॅम कमी म्हणजे याच धडकेत १० किलो ओढ कमी.

हॅन्स ही अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या रॉबर्ट हबार्ड या बायोमेकॅनिक्सच्या प्राध्यापकाची आणि त्याचा मेहुणा, रेसर जिम डाउनिंग याची करामत, १९८० च्या दशकातली. कित्येक वर्षं चालक "अडचण होते" म्हणून घालत नव्हते. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट हा चालक अपघातात मेला, त्याच वर्षी नासकारने, म्हणजे अमेरिकेतल्या त्या शर्यतींच्या संस्थेने, मानेचं संरक्षण सक्तीचं केलं, आणि फॉर्म्युला वनने २००३ पासून.

काम साधं आहे. खांद्यावर कॉलर, त्यावरून हार्नेसचे दोन पट्टे, आणि कॉलरपासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या. डोकं पुढे जायला लागलं की दोऱ्या ते धरतात आणि भार कॉलरवाटे पट्ट्यांवर जातो. म्हणजेच दोन्ही खांद्यांवर पट्टा नसेल तर हॅन्स नुसतं शोभेचं. कंपनीच्या तीन टोकांच्या पट्ट्याबरोबर ते चालत नाही. पाठीला आणि छातीला स्वतःच्या पट्ट्यांनी बांधायची वेगळ्या प्रकारची काही साधनं तीन टोकांच्या पट्ट्यावर चालतात, पण उत्पादकाने तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच.

कोन निवडायचा असतो. ताठ बसायच्या सेडान-हॅचबॅकला २० अंशाचं. बरंच मागे रेललेल्या बकेट सीटला ३०. जवळजवळ झोपून चालवायच्या फॉर्म्युला गाडीला ४०. चुकीचा कोन घेतला तर कॉलर हेल्मेटच्या मागच्या कडेला ढकलते, हनुवटी छातीकडे झुकते, आणि अर्ध्या तासात मान आखडते. मग लोक दोऱ्या ढिल्या करतात, आणि हॅन्स असून नसल्यासारखं.

दोरीची लांबी अशी तपासा: हार्नेस पूर्ण आवळून बसा, डोकं जोराने पुढे न्या. हनुवटी छातीला टेकायच्या आधी दोऱ्या ताठ झाल्या पाहिजेत. मग आरसे बघा. दोन्ही बाजूंचे आरसे दिसत नसतील तर सरकत्या दोरीचं मॉडेल घ्या. त्यात दोरी कॉलरमागून आडवी सरकते, डोकं वळवता येतं पण पुढे तितकंच थांबतं.

खांद्याचे पट्टे कॉलरच्या खाचेत बसतात का, हेही गाडीत बसून बघा. मागे ते बारवर एकमेकांच्या जवळ बांधलेले हवेत. लांब-लांब बांधले की कॉलरवरून बाहेर घसरतात. शिक्का एसएफआय ३८.१ किंवा एफआयए ८८५८. एसएफआयवाल्याला दर पाच वर्षांनी परत तपासून नवा शिक्का घ्यावा लागतो, दोऱ्याही तेव्हाच बदलतात.

सुईदोरा

कपड्यांचा नंबर. सूट एसएफआय ३.२ए च्या पातळीने ओळखतात. आकडा म्हणजे थरांची संख्या नाही, तरी तसं सांगून विकणारे बरेच भेटतात. थेट ज्वाळेत दुसऱ्या दर्जाचं भाजायला लागणारे सेकंद असे: /१ म्हणजे ३ सेकंद, /३ म्हणजे ७, /५ म्हणजे १०, /१५ म्हणजे ३०. आता स्वतःला विचारा, पट्टे सोडून, स्टीअरिंगमागून, दार उघडून बाहेर यायला किती सेकंद लागतात. घड्याळ लावून करून बघा. तीन सेकंदांत कोणी बाहेर येत नाही. म्हणून /१ घेण्यापेक्षा थोडं थांबून /५ घ्या. त्याखाली अरामिडचा (आग न धरणाऱ्या धाग्याचा) बनियन-पायजमा घातला तर आणखी काही सेकंद मिळतात. दोन थरांमधली हवाच उष्णता अडवते, म्हणून सूट अंगाला चिकटणारा नको. उभं राहून छान दिसणारा सूट बसल्यावर मांड्या आणि खांद्यांवर ताणला जातो. गाडीत बसून, हात स्टीअरिंगवर ठेवून माप बघा. बसल्यावर पाय घोट्यापर्यंत आणि बाही मनगटापर्यंत झाकली गेली पाहिजे.

खाली पॉलिएस्टर, नायलॉन काहीही नको. व्यायामाचा टी-शर्ट तर नकोच नको. सूट जळाला नाही तरी आतला टी-शर्ट वितळून कातडीला चिकटतो. अंतर्वस्त्राचं इलॅस्टिकसुद्धा बघा.

कापड दोन प्रकारचं. नोमेक्ससारख्या अरामिडमध्ये आग न धरणं हा धाग्याचाच गुण आहे, धुऊन जात नाही. रसायन लावलेलं सुती कापड स्वस्त असतं, पण ब्लीच लागलं की रसायन गेलं आणि हातात साधं सुती कापड उरलं. दोन्ही थंड पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, उलटे करून, वेल्क्रो लावून धुवा आणि सावलीत वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर स्वतःच पेटतो. ऑइलचा डाग पडलेला सूट घालून गाडीत बसणं म्हणजे वात घालून बसणं.

बिल्ले शिवायचे तर फक्त वरच्या थरावर, अरामिडच्या दोऱ्याने. सगळ्या थरांतून टीप मारली की तिथली हवा गेली. इस्त्रीने चिकटणारे बिल्ले नकोत, त्यांचा गोंद वितळतो.

वळणवेडा, तुमच्यासारख्या पहिल्या ट्रॅक डेला सूट बहुधा मागत नाहीत. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड सुती पँट, सुती किंवा लोकरी मोजे. एवढ्यावर सुरुवात होते. सूट दोन तुकड्यांचा घेऊ नका. कमरेत वर सरकतो, आणि बसलेल्या माणसाची उघडी पाठ दिसते.

उगाचच

कार्टिंगचे बूट आणि हातमोजे आहेत, ते?

सुईदोरा

पकड छान, आगीला शून्य. ट्रॅक डेच्या सुरुवातीला चालवा, शर्यतीला नाही. शर्यतीचे बूट-हातमोजे एसएफआय ३.३ चे असतात, /५ घ्या. हातमोज्याची शिवण बाहेरून असेल तर बोटांना टोचत नाही. बोट लांब असेल तर स्टीअरिंग धरल्यावर टोकाला कापड गोळा होतं, आणि मग बटणं दाबताना चुकतं. मोजायचं ते मुठीत, उघड्या हातावर नाही.

बूट नसतील तर निदान पळायचे जाड, रुंद तळाचे बूट घालू नका. ब्रेकबरोबर अ‍ॅक्सिलरेटरची कड दाबली जाते आणि जाड फोममधून ब्रेक कुठे चावतोय ते कळत नाही. तळ पातळ, कड अरुंद, टाच गोल. नाड्या आत खोचा.

नट_बोल्ट

अग्निशामक विसरलात. हाताशी पोचेल असा, पट्टे बांधलेले असताना. कंस धातूचा, बोल्ट पत्र्यातून आरपार. प्लास्टिकच्या क्लिपमधला सिलिंडर धडकेत सुटून गाडीत फिरतो. कोरड्या पावडरचा घेतला तर बंद गाडीत समोरचं दिसेनासं होतं, आणि नंतर ती पावडर वायरिंग खाते. फोम किंवा स्वच्छ वायूचा घ्या.

वळणवेडा

जुन्या बाजारात बरंच सामान दिसतंय. काय चालेल?

रिंगमास्तर

हेल्मेट नाही, आत काय झालंय दिसत नाही. हार्नेस नाही. सूट चालेल, लेबल शाबूत आणि ऑइलचे डाग नसतील तर. हॅन्स चालेल, पण दोऱ्या नव्या आणि परत तपासून घ्यायच्या अटीवर. फायबरची सीट घ्यायची तर बाजूच्या माउंटिंगच्या भोकांभोवती टॉर्च तिरकी धरून बघा, केसासारखी रेघ दिसली की सोडा.

बनावट माल नव्यातही आहे. स्नेलचं लेबल हेल्मेटच्या आत, आरामाच्या गादीखाली चिकटवलेलं असतं आणि त्यावर अनुक्रमांक असतो. शिक्का फक्त बाहेर स्टिकर म्हणून लावलेला असेल तर हात लावू नका. मॉडेलचं नाव स्नेलच्या संकेतस्थळावरच्या यादीत शोधा, त्याला दोन मिनिटं लागतात.

वळणवेडा

तर आता यादी अशी: सॉकेटवालं एसए२०२५ फुलफेस, सुती कपडे, पातळ तळाचे बूट, हातमोजे, धातूच्या कंसातला अग्निशामक. गाडीचे पट्टे मूळचेच. काही राहिलं?

डोकं_ठिकाणावर

पट्टा बांधायचा सराव. एसए हेल्मेटला मोटरसायकलसारखी खटका दाबायची क्लिप नसते, दोन डी-रिंग असतात. पट्टा दोन्ही रिंगांतून एकत्र घालायचा, मग उलटा वळवून दोन्हीच्या मधून, म्हणजे फक्त एकीतून परत काढायचा, आणि ओढायचा. पहिल्यांदा येणारे बरेच जण दोन्हींतून घालून तसंच सोडतात आणि शेवटचं बटण लावतात. ते बटण फक्त फडफडणारं शेपूट धरायला आहे, त्याला कसलाही भार पेलत नाही. बांधून झाल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील इतपत घट्ट. हातमोजे घालायच्या आधी बांधा, घातल्यावर जमत नाही. सोडताना मात्र हातमोजे घालूनच सोडून बघा: वरच्या रिंगेला बहुतेकदा लाल फीत असते, ती ओढली की पट्टा ढिला होतो. पिटमध्ये डोळे मिटून पाच-सहा वेळा करा.